फॉल्ट रजिस्टर

'डेड' हा शब्द मी एकतीस वर्षं लिहिला
टेलिफोन खात्याच्या लांब वहीत, लाल शाईनं.
नंबर, पत्ता, डेड.
दुपारी खांबावर चढायचो, आणि त्यातले निम्मे तरी
जिवंत निघायचे.

म्हणून इशरत बागवान जिन्यातून ओरडली,
"काका, सगळे यूएसबी डेड झालेत,"
तेव्हा मी आधी चष्मा शोधला, मग चप्पल.

धनकवडीत आमच्या सोसायटीच्या खाली
सात नंबरच्या पार्किंगला शटर लावून
ती लोकांची जीएसटी रिटर्नं भरते.
तारीख वीस. संध्याकाळचे सव्वापाच.
बावीस धंदेवाल्यांच्या सह्या बावीस डोंगलांत,
रबरबँड लावून बिस्किटांच्या डब्यात,
आणि खुपसायला एक भोक चालू नाही.
माउसच्या पोटातला लाल दिवासुद्धा विझलेला.
स्क्रीन मात्र ठणठणीत.

तापकीर गल्लीतल्या माणसानं फोनवरच निकाल दिला होता:
बोर्ड गेला, ताई. साडेसहा हजार.
उद्या गुरुवार, लाईट नसते, परवा या.
न बघता 'गेला' म्हणणारे आमच्या खात्यातही होते.
त्यांना बढती लवकर मिळायची.

मी वायर उपटली. बटण दाबून धरलं, वीस आकडे मोजले,
उरलीसुरली वीज निथळू दिली.
काही नाही.
माळ्यावरून माझा जुना कीबोर्ड आणला, गोल जांभळ्या पिनेचा.
त्या बिचाऱ्यानं लगेच ओळख दिली.
बायोसमध्ये शिरलो. तिथं सगळं 'एनेबल्ड'.
कागदोपत्री असतंच.

मग मीटर काढला. खात्याचा, परत करायचा राहिलेला.
मागच्या पोर्टात पाच व्होल्ट हवे होते,
निघाले शून्य पॉइंट चार.
म्हणजे मेलेलं नव्हतं.
वाटेत कुणीतरी पीत होतं.

लाइनमनचा नियम एकच, आणि तो मॅन्युअलमध्ये नाही:
लाइन मधोमध तोड
आणि कुठली बाजू रडते ते ऐक.

झाकण काढलं. धूळ, एक झुरळ,
मिठाईच्या खोक्याची सुतळी (ती आत कशी, ते मी विचारलं नाही).
पुढच्या पोर्टांची वायर बोर्डावर जिथं बसते
तिथं नऊ पिना, दहावीची जागा रिकामी.
तो जोड चिमटीत धरून सरळ वर ओढला
आणि म्हटलं, आता चहा टाक.

"चहा?" तिचं लक्ष घड्याळाकडं.
चहाच. इथला फ्यूज जळत नाही, तापून रुसतो,
गार झाला की आपला आपण परत येतो.
तोवर त्याच्या नादी लागायचं नाही.

बशी हातात घेऊनच मी पुढच्या पोर्टात टॉर्च मारला.
आतली जीभ वाकलेली, पितळी पाती चौकटीला टेकलेली.
"परवा तो फुरसुंगीचा पत्रेवाला," इशरत म्हणाली.
"पेनड्राइव्ह उलटा घातला.
जात नाही म्हणून आणखी जोरात घातला."
आणि त्या एकापायी बोर्डानं
सगळ्यांचंच पान उचललं होतं.

पाच पॉइंट शून्य दोन.
माउस उजळला. इशरतनं डबा उघडला,
पहिला डोंगल लावला, तो हिरवा मिचकावला,
आणि ती माझ्याशी बोलायचीच बंद झाली.
पुढच्या दोन भोकांवर मी काळी टेप चिकटवली.

बाविसावं रिटर्न अकरा चाळीसला गेलं, असा मेसेज आला.
वही आता नाही. कॅलेंडरवर विसाच्या चौकोनात,
दुधाच्या हिशेबाखाली लिहिलं:
फॉल्ट पुढच्या बाजूला. जंपर काढला. ओके.

आमच्या हॉलमधला फोन सहा वर्षं डेड आहे.
रस्ता खोदला तेव्हा केबल गेली.
त्याची तक्रार मी केलेली नाही.
झोपायला जाताना उचलून कानाला लावला.
वायरीला पीळ पडले होते,
तेवढे सोडवले, आणि ठेवून दिला.